बिघाड की अपघात

गाडीने घाटाचा कठडा तोडला होता आणि तिचं पुढचं एक चाक दरीवर लोंबत होतं. मागच्या सीटवर सासरे होते. दाराला हात लावला तरी गाडी हलायची, म्हणून मागे वजन राहावं यासाठी मी डिकीवर बसून राहिले.

"बिघाड की अपघात?" हेल्पलाइनवरच्या मुलीने नवऱ्याला विचारलं. फोन स्पीकरवर होता.

नवरा अडखळला. गाडी घेताना मिळालेली फुकट मदत फक्त बिघाडाला मिळते, अपघात म्हटलं तर कुणी येणारच नाही, असा त्याचा हिशेब. "बिघाड. चालू होत नाहीये."

तासाभराने मोटरसायकलवरून मेकॅनिक आला. पिशवीत बॅटरी. गाडी बघून जागीच थांबला. "साहेब, अपघात सांगायचं होतं. पैसे वेगळे पडले असते, पण क्रेन आली असती."

आतून सासऱ्यांनी विचारलं, "आली का रे क्रेन?"

कठड्याचा एक दगड सुटून खाली गेला. गाडी करकरली.

मी नवऱ्याच्या हातून फोन घेतला आणि हेल्पलाइनला पुन्हा लावला. "अपघात आहे. माणूस आत अडकलाय."

"मॅडम, तक्रार तर बिघाडाची आहे. आधी खोटं सांगितलं होतं का?"

नवरा मानेनेच 'नाही म्हण' असं खुणावत होता.

"हो," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याने. आता क्रेन पाठवा."