आर्गिरोची भिंत

"ही भिंत मी पाडणार नाही," झानीस म्हणाला आणि कुदळ खाली ठेवून त्याच भिंतीवर बसला.

उत्खननाच्या प्रमुख एफ्थिमियाबाईंनी सकाळीच दोरी लावून नवा चौकोन आखला होता. सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या गावातली एक गल्ली त्या भिंतीखालून जात होती. भिंत मात्र चाळीसेक वर्षांची. शेळ्या अडवायला नुसते दगडावर दगड ठेवून रचलेली. बेटावरच्या अशा कितीतरी भिंती झानीसने अठरा उन्हाळ्यांत बाईंच्या सांगण्यावरून उचलल्या होत्या.

"काका, उठा आता," खड्ड्यात खणणारा तरुण मजूर पांतेलीस म्हणाला. "शेळ्यासुद्धा एवढा हट्ट करत नाहीत."

झानीसने त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी समजावून पाहिलं. दोनच मीटर पाडायची आहे, काम संपलं की होती तशी रचून देऊ. झानीसने विचारलं, होती तशी कोण रचणार? बाहेरची बाजू त्याने रचली होती, आतली त्याच्या बायकोने, आर्गिरोने. ती फेब्रुवारीत गेली.

बाई म्हणाल्या, "मला कळतं, काका. पण मी इथे जुनं शोधायला येते. ही भिंत जुनी नाही."

"गेल्या वर्षी त्या उत्तरेच्या खोलीचा कोपरा जुना म्हणालात ना? सगळ्यांना बोलावून दाखवलात. बांधणाऱ्याचा हात बघा म्हणालात."

"मग?"

"तो आर्गिरोने बांधला. शेळ्यांनी पाडला होता. आमची थोरली पोटात होती तेव्हा. दगड तिथलेच, म्हणून तुम्हाला ओळखू आला नाही. खालून तिसऱ्या थरात बोट घालून बघा. दगड हलत होता, तर तिने फुटक्या कपाचा तुकडा खुपसला."

बाई गेल्या. कोपऱ्याशी गुडघे टेकून बराच वेळ फटी चाचपत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर पांढरा तुकडा होता, निळ्या काठाचा. कॉफीचा कप. त्या कोपऱ्यावर बाईंचा लेख छापून आला होता.

"गेल्या वर्षीच का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही तिचं कौतुक करत होता. माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. त्या दिवशी ती माझं जेवण घेऊन आली होती, तिथेच उभं राहून सगळं ऐकलं तिने. घरी जाताना मला म्हणाली, बोललास तर बघ."

"आणि आज बोललात."

"आज तुम्ही तिचे दगड ढिगावर टाकायला निघालात."

बाईंनी तो तुकडा छोट्या पिशवीत घातला. पिशवीवर तारीख लिहिली, जागा लिहिली. मग झानीसला आर्गिरोचं माहेरचं आडनाव विचारून तेही लिहिलं. एक बादली पालथी घालून त्या भिंतीसमोर बसल्या आणि मांडीवर कागद लावलेली फळी घेतली.

"शेळ्यांच्या भिंतीचं चित्र काढायचं?" पांतेलीसने विचारलं.

"तू मोजपट्टी धर," बाई म्हणाल्या. पाडायची की नाही ते नंतर ठरवू, आधी एकेक दगड कागदावर येऊ दे, असं त्यांनी झानीसला सांगितलं. नंतरचं नंतर, झानीस म्हणाला, तो काही इथून हलणार नव्हता.

वरच्या थराचे दगड कागदावर काढून झाले. बाईंची पेन्सिल थांबली.

"काका, पाय जरा बाजूला घ्या. मागचे दगड दिसत नाहीत."

झानीसने टाचा भिंतीला आणखी घट्ट टेकवल्या.

"पायांसकट काढा," तो म्हणाला.