सोजरबाईचा डावा कान

पडद्याच्या फटीतून वैजयंतीने बाहेर डोकावलं आणि ती झटकन मागे सरकली. पहिल्या रांगेत तिची सासू सोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. एकटी नाही. मागच्या रांगांत सासरच्या गावच्या, बहादरपुरातल्या बायकाच बायका. केळी वाहायच्या टेम्पोतून आल्या होत्या सगळ्या.

“आईंना कोणी सांगितलं?” तिने नवऱ्याला विचारलं.

“मी नाही यार,” रितेश म्हणाला. “मी तर आईला सांगून ठेवलंय, तू इंदूरला भाषणं देते.”

ही भाषणं म्हणजे स्टँड-अप कॉमेडी. माइक घेऊन एकटीने उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं. सुरुवातीला वैजयंतीला कोणी हसत नसे. लिफ्ट, पार्किंग, डाएट, सगळ्यावर विनोद करून झाले. मग एकदा वैतागून ती सासूबद्दल बोलली आणि लोक खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले. तेव्हापासून तिचं दुकान सोजरबाईच्या जिवावर चालत होतं. व्हिडिओ निघाले, नाव झालं, आणि आज पहिल्यांदा बुऱ्हाणपुरात कार्यक्रम होता. माहेर इथलंच, सासर जवळच. तिने आनंदाने हो म्हटलं होतं.

“आज सासू बिल्कुल बंद,” रितेशने हात जोडले. “आईने ऐकलं ना, तर मला दिवाळीचा फराळपण मिळणार नाही.”

वैजयंती स्टेजवर गेली. इंदूरच्या ट्रॅफिकचा जुना विनोद काढला. सिग्नलवर कशी अडकली, ते रंगवून सांगितलं. हॉल गप्प. शेवटी सोजरबाईची शेजारीण मालूबाई हिने काळजीने विचारलं, “मग पोहोचली का वं तू?”

लोक मालूबाईला हसले. लिफ्टच्या विनोदाला तेवढंही कोणी हसलं नाही. मागे कोणीतरी मोठ्याने जांभई दिली. साऱ्या इंदूरला हसवून आलो आणि आपल्याच गावात अब्रू चालली, असं वैजयंतीला वाटलं.

तेवढ्यात सोजरबाई उठली. तिने पदर खोचला.

“काय वं, केव्हाची ऐकून राहिली मी! सिग्नल काय, लिफ्ट काय! माझं कधी सांगशील?”

“तुमचं... काय, आई?”

“मोबाईलवर सांगतेस ते! सगळं पाहिलंय मी. या बायांना गाडी करून आणलं, ते काय सिग्नल ऐकायला?”

पडद्याआड रितेश मटकन खाली बसला.

वैजयंतीने माइक घट्ट धरला. “माझी सासू,” ती चाचरत म्हणाली, “व्हिडिओ कॉल कानाला लावून बोलते. रितेश म्हणतो, आईचा चेहरा विसरत चाललो, पण तिचा कान जत्रेतसुद्धा ओळखीन.”

हॉलमध्ये खसखस पिकली.

“डावा कान!” सोजरबाई ओरडली. “बरोबर सांग.”

“डावा कान!” वैजयंतीही ओरडली, आणि मग ती थांबलीच नाही. सासू व्हॉइस मेसेज पाठवते, मध्येच उत्तराची वाट पाहते, आणि समोरून आवाज येत नाही म्हणून त्याच मेसेजमध्ये भांडून घेते. सासू डॉक्टरकडे जाते आणि स्वतःचं दुखणं सोडून मालूबाईच्या गुडघ्याचं औषध घेऊन येते. लोक डोळे पुसत होते. दर विनोदाला सोजरबाई मागे वळायची आणि छातीवर हात ठेवून सांगायची, “ती मीच बरं का!”

कार्यक्रम संपला तशी सोजरबाईभोवती फोटोसाठी गर्दी उसळली. एकाने तर वैजयंतीलाच जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती हसत बाजूला झाली.

बाहेर टेम्पोत मालूबाई मात्र तोंड फुगवून बसली होती. तिची सून गायत्री घाबरली.

“काय झालं आई? गुडघ्याचं सांगितलं म्हणून राग आला का?”

“गुडघ्याचं चांगलंच सांगितलं. पण तेपण दुसऱ्याच्या सुनेने सांगावं लागलं!” मालूबाई कडाडली. “इतकी वर्षं झाली तुझ्या लग्नाला. एक दिवस तरी माझी टिंगल केलीस का वं तू?”