स्कार्फ डे

"तू सोड आई, मी बांधते," म्हणत मनवानं स्कार्फ माझ्या हातातून घेतला. दोनदा बांधून मी तो पुन्हा सोडला होता.

आज तिच्या शाळेत स्कार्फ डे. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी निधी द्यायचा आणि डोक्याला रंगीत स्कार्फ बांधून यायचं. ही सुपीक कल्पना कुणाची, देव जाणे! घरी राहा म्हटलं, तर ही ऐकेना. मनवाचे केस आता खांद्यापर्यंत आलेत. या नव्या गावात तिच्या आजाराबद्दल कुणालाच ठाऊक नाही, आणि मला ते कळू द्यायचंही नाही.

शाळेच्या फाटकाशी एका मैत्रिणीचा स्कार्फ सारखा घसरत होता. मनवानं तो कपाळावर घट्ट बसवला, कानांमागून घेतला आणि मानेवर गाठ मारली. लगेच दुसरी पुढे आली, मग तिसरी.

"अगं, किती छान बांधतेस!" त्यांच्या बाई म्हणाल्या. "कुठे शिकलीस?"

आता ही सांगणार. मग जुन्या शाळेत झालं तेच होणार. आधी सगळ्याजणी हळहळणार, आणि मग एकेक आई आपल्या मुलीला हिच्यापासून लांब बसून डबा खायला सांगणार.

मनवानं वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाहुलीला बांधायचे मी," ती बाईंना म्हणाली, आणि माझ्याकडे बघून बारीकसं हसली. दवाखान्यात सुई टोचून घेताना मला धीर द्यायला हसायची, अगदी तशी.