मालक बाहेरगावी

बाकीच्या गाड्या मार्गिटच्या अंगणात शिरल्या, थोर्किलने मात्र आपली गाडी फाटकाबाहेरच उभी केली. चौतीस सालची काळी उघडी गाडी. दिवे असे घासलेले, की कडेचं बार्लीचं शेत त्यात वाकडंतिकडं होऊन डोलत होतं. जुन्या गाड्यांच्या त्या क्लबात तिच्या तोडीची दुसरी नव्हती, आणि थोर्किल क्लबचा अध्यक्ष होता.

उन्हाळी सहलीचा रस्ता दर वर्षी थोर्किलच आखायचा, आणि दर वर्षी तो रस्ता या शेताला वळसा घालून जायचा. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काम चिटणीस बोदिलकडे गेलं. मार्गिटने तिला फोन केला, कॉफीला माझ्याकडे थांबा. बोदिल या बाजूला नवीन. मार्गिट ही थोर्किलच्या भावाची बायको, आणि दोघा भावांत वीसेक वर्षं बोलणं नव्हतं, हे तिला कोण सांगणार?

"अध्यक्ष, उतरताय, की केक गाडीत आणून देऊ?" बोदिलने हाक मारली. दोघंतिघं हसले.

थोर्किल उतरला. फाटकाशी मार्गिट उभी होती. मे महिन्यात भावाच्या, विगोच्या दफनाच्या दिवशी तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता आणि नंतरच्या कॉफीला न थांबता निघून गेला होता. त्यानंतर दोघांची गाठ आत्ताच पडत होती.

"कॉफी मागाहून," ती म्हणाली. "आधी माझ्याबरोबर चल."

कुठे, ते त्याने विचारलं नाही.

वडील गेले तेव्हा शेत थोरल्या विगोला आलं आणि गाडी थोर्किलला. इंजिन त्या वेळी दुरुस्तीसाठी काढून विगोच्या शेडमध्ये ठेवलेलं होतं. थोर्किलने ते आणायला ट्रेलर देऊन एका माणसाला पाठवलं. विगोने त्याला रिकाम्या हातानेच परत लावलं. म्हणाला, भावाला सांग, स्वतः ये. थोर्किल म्हणाला, माझ्याच वस्तूसाठी मी त्याच्या दारात उभा राहणार नाही. भांडण म्हणावं तर एवढंच. पुढे थोर्किलने दूर युटलंड प्रांतातल्या एका भंगारवाल्याकडून तसंच दुसरं इंजिन आणून बसवलं. क्लबात तो इतरांच्या गाड्यांचे स्क्रूसुद्धा अस्सल आहेत का ते वाकून बघायचा. त्याच्या इंजिनाचा विषय कुणी काढत नसे.

शेडमध्ये मार्गिटने ताडपत्री ओढली.

गंजाचा गोळा दिसेल असं थोर्किलला वाटलं होतं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्याने तीच आशा धरली होती. पण लोखंडी घोडीवर ठेवलेलं इंजिन तेल पिऊन तुकतुकत होतं. नळ्या नव्या होत्या. वर छोटी टाकी बसवलेली होती, समोर एक खुर्ची.

"चालतं?"

"फिरवून बघ. मला खांद्यामुळे जमत नाही."

त्याने हँडल मारलं. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. संध्याकाळी वडील बाजारातून परतताना वळणावरून आधी हाच आवाज यायचा आणि दोघं भाऊ फाटक उघडायला धावत सुटायचे. थोर्किलने घोडीचा दांडा घट्ट धरला.

मार्गिट आवाज चढवून सांगत होती. "विगो दर एप्रिलला हे चालू करायचा आणि इथं बसून ऐकायचा. मी म्हणायचे, अरे, एक फोन कर त्याला. तर म्हणायचा, येईल तो."

"विकलं का नाही?"

"एक जर्मन आला होता. चांगली किंमत देत होता. विगो त्याला म्हणाला, मालक बाहेरगावी आहेत, आले की विचारतो."

थोर्किलचं घर चर्चच्या पलीकडे होतं. शेडच्या दारातून त्याचं लाल छप्पर दिसत होतं.

"मार्गिट, मी..."

"मला नको सांगूस," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

आवाज ऐकून मंडळी केकच्या बश्या घेऊन दारात जमली होती. बोदिल पुढे झाली. "अध्यक्ष, हे तुमच्या गाडीला बसेल की."

"त्याच गाडीचं आहे," थोर्किल म्हणाला. "माझ्या गाडीत आहे ते दुसरीकडचं."

बोदिलने बशी खाली ठेवली.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "माझ्यासाठी थांबू नका."

एकेक गाडी फाटकातून बाहेर पडली. मार्गिटने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं.

"बंद करून टाक. पेट्रोल संपत आलंय. यंदा त्याने भरून ठेवलं, पण चालू करणं काही त्याच्या हातून झालं नाही."

थोर्किलचा हात बटणाकडे गेला होता. तो त्याने मागे घेतला. खुर्ची रिकामी होती, पण तो तिच्यावर बसला नाही. भिंतीजवळचं एक खोकं ओढून त्यावर टेकला. मार्गिट अंगणातले कप गोळा करायला निघून गेली.

इंजिन अडखळलं, पुन्हा सुरू झालं, मग थांबलं. तापलेलं लोखंड निवताना बारीक टिकटिकत होतं. तेही थांबेपर्यंत तो ऐकत राहिला.