नौबतचा पाय

मध्यंतर झालं तरी सीतारामआबा पडद्यावर आले नव्हते.

परंदवडीहून टेम्पो करून अकरा माणसं लोणावळ्याच्या थिएटरात आली होती, ती काही नुसता घोडा बघायला नव्हे. सिनेमा ज्याच्यावर होता तो घोडा म्हणजे नौबत. बावीस वर्षांपूर्वी देशातली मोठी शर्यत मारलेला, खराखुरा. आणि आबा त्याचे सईस. त्याचं खाणंपिणं, आंघोळ, खरारा, सगळं आबांच्या हातचं. गेल्या वर्षी सिनेमावाली दोन मुलं घरी येऊन तीन तास बसली आणि आबांचं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेऊन गेली. तेवढ्यावर आबांनी विहारात, पारावर, पिठाच्या गिरणीत, माणूस भेटेल तिथे सांगून टाकलं होतं, "सिनेमात मी हाय."

पुतण्या प्रदीप पॉपकॉर्न घेऊन मुद्दाम त्यांच्या समोरून आला.

"आबा, तुमी कुटं? मला मालक दिसला, मालकाची पोर दिसली, जॉकी दिसला. एक कोंबडी बी दिसली."

"दम खा," आबा म्हणाले. "पायाचा परसंग यायचाय अजून."

पायाचा प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी नौबत लंगडायला लागला आणि पायाला कुणाचा हात लावून घेईना. डॉक्टरला तर त्याने भिंतीशी दाबून धरलं. शेवटी आबांनी खुरात रुतलेला खडा काढला आणि दुसऱ्या दिवशी घोडा जिंकला. गावातल्या निम्म्या लोकांना हे खरं वाटे, निम्म्यांना आबांच्या थापा. आज काय तो निकाल लागणार होता, आणि तोही सगळ्या भावकीसमोर. आबांनी सदऱ्याचं वरचं बटण उगाचच लावून घेतलं. शेजारी बायको हिराबाई बसल्या होत्या.

दिवे मालवले. दहा मिनिटांत तो प्रसंग आलाच. तबेला. नौबत मान उडवतोय, डॉक्टर खांदा चोळतोय, मालक डोक्याला हात लावून बसलाय. आणि दारातून आत आली ती मालकाची दहा-अकरा वर्षांची मुलगी.

आबा खुर्चीत खाली सरकले.

"आबा," प्रदीप म्हणाला, "फ्रॉक लय शोभतोय तुमाला."

अख्खी रांग हसली. हिराबाईंना वाटलं, उठावं आणि सरळ टेम्पोत जाऊन बसावं. एवढ्या वर्षांत नवऱ्याची थट्टा त्यांनी पुष्कळ ऐकली होती, पण आज ती त्यांना लागली.

पडद्यावरची मुलगी घोड्याजवळ बसली. सिनेमा हिंदी होता, तीही आतापर्यंत हिंदीतच बोलत आली होती. तिने घोड्याच्या गुडघ्याखाली हात धरला आणि म्हणाली, "पाव्हनं, पाय द्या."

प्रदीपचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यातच राहिला.

असं बोलणारा माणूस परंदवडीत एकच. दारात आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देताना बोलावं, तसं आबा जनावरांशी अदबीनं बोलत. बैलाला बोलत, शेळीला बोलत. सहा वर्षांच्या प्रदीपच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, तेव्हा त्यालाही हेच म्हणाले होते, आणि रडं थांबवून त्याने पाय पुढे केला होता.

पडद्यावर घोडा फुरफुरला. मग त्याने हळूच पाय उचलला आणि मुलीच्या हातात दिला.

"आबांचं हाय हे!" प्रदीप उभाच राहिला. "आमच्या आबांचं बोलनं हाय!"

"ओ, बसा की खाली," मागून कुणीतरी ओरडलं. तो बसला, पण मान वळवून आबांकडेच बघत राहिला.

हिराबाईंना आधी आनंद झाला आणि लगेच राग आला. "बोलनं तुमचं आन् मान त्या पोरीला. नाव तरी घ्यायचं व्हतं मेल्यांनी."

आबांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "ह्यो नौबत न्हवं," ते म्हणाले. "दुसराच घोडा हाय. कपाळावरचा चांद बी रंगवल्याला दिसतोय."

"मंग? सगळंच खोटं म्हना की."

"खोटं कसं?" आबा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. "वळख ना पाळख, तरी पाय दिला न्हवं त्यानं."