आंबटाचं पथ्य

नाकाच्या शेंड्यावर एकच फोड होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, आत स्वच्छ पाणी. कपाळाच्या उजव्या बाजूला तसे वीसेक होते, भुवईपर्यंत उतरलेले. पण गोजराबाईची नजर त्या एकावरून हलेना.

"डोळा कसा हाय रं?" तिनं भिकूला विचारलं.

"कुसळ गेल्यागत होतंय. उजेड सोसत न्हाई."

पाट्यावर पाला वाटून तयार होता. तीस वर्षं ती नागिणीवर हाच रस लावत आली होती. पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, पैसा घ्यायचा नाही आणि दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, असं सासूनं बजावून ठेवलं होतं. पाठीवरचे, कमरेवरचे फोड सात दिवसांत सुकत. एखाद्याचे नाही सुकले, तर त्यानं आंबट खाल्लेलं असे. खोदून विचारलं की प्रत्येकाला काहीतरी आठवेच.

"लाव की गं, गोजराक्का," भिकूची आई साळूबाई म्हणाली. "काल फोड दिसल्यापासनं आंबटाला शिवू दिलं न्हाई त्याला. डोळ्यात तेल घालून राखलंय. एकाच डोळ्यात, पण राखलंय!"

ती स्वतःच हसली. तिचा डावा डोळा अकरा वर्षांपूर्वी अशाच नागिणीत गेला होता.

"माझ्यावानी करू नगं रं बाबा. चिंचेचं एक बुटूक चघळलं आन् जन्माची अद्दल घडली."

भिकूही हसला. सोमवारी त्याला उरवड्याच्या कारखान्यात लेथवर उभं राहायचं होतं. पहिलीच नोकरी.

गोजराबाईनं रसात कापूस बुडवला. अकरा वर्षांपूर्वी साळूच्याही नाकावर असाच फोड होता. तीन वर्षांनी भुकूमचा कोंडिबा आला, त्याच्याही होता. आंबट खाल्लं नाही, असं कोंडिबा शपथेवर सांगत राहिला. "आठवून बघ," ती म्हणाली होती. डोळा गेल्यावर चौथ्या दिवशी त्याला ताक आठवलं.

फाट्यावर पुण्याच्या एस्टीचा हॉर्न वाजला. गाडी तिथं दहा मिनिटं थांबे. त्यानंतरची थेट उद्या सकाळी.

कापूस भिकूच्या भुवईपाशी आला आणि तिथंच राहिला. हिरवा थेंब तिच्या मनगटावरून कोपराकडं ओघळला.

"थांबलीस का गं?" साळूबाईचा आवाज बदलला. "जास्त हाय का?"

गोजराबाईनं कापूस पाट्यावर ठेवला. हात पदराला पुसले, आणि भिकूकडं नाही, त्याच्या आईकडं पाहिलं.

"साळू, तुझा डोळा चिंचेनं न्हाई गेला. मी तुला सात दिस हितं बसवून ठेवलं, त्यानं गेला. ऊठ, पोराला गाडीत बसव. पुण्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने."