डाव्या हातावरची तुळस

डॉक्टर राहत यांनी द्वारकाबाईंचं डावं मनगट दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं आणि मूठ आवळायला सांगितली. मूठ उघडली तेव्हा तळवा पांढराफटक पडला होता. मग त्यांनी एक अंगठा उचलला. तळव्यात हळूहळू लाली भरत आली.

"हात चांगला आहे, मावशी. एक नस काढून घेतली तरी दुसरी पुरेल."

असं म्हणून त्यांनी मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या अंगाला, जांभळ्या पेनानं चौकोन काढला. उद्या द्वारकाबाईंच्या गालातली गाठ काढायची होती. पन्नास वर्षं दातांना लावलेल्या मिसरीनं गाल आतून खाल्ला होता. गाठ निघाली की तिथं खड्डा पडणार, आणि तो या चौकोनातली कातडी नसेसकट लावून भरायचा.

द्वारकाबाईंनी चौकोनाकडं पाहिलं आणि हात ओढून पदराखाली घेतला.

"इथली नाय घ्यायची. दुसरीकडची कुठलीबी घ्या."

चौकोनात गोंदण होतं. खाली वृंदावन, वर सात फांद्यांची तुळस. रझाकारांच्या पळापळीत आईच्या गळ्यातल्या पुतळ्या गेल्या, मणी गेले, पोरीच्या पायातले वाळेसुद्धा गेले. पुढच्या साली फर्दापूरच्या बाजारात आईनं सात वर्षांच्या द्वारकेला मांडीत घट्ट धरून गोंदणारणीपुढं बसवलं. पोर किंचाळत होती. आई म्हणाली, "रड खुशाल. पण हे कुणाला काढून नेता यायचं नाय. मेल्यावर संगं येतं ते एवढंच."

आता काढून नेणारी डॉक्टरीण पलंगाशी बसली होती आणि वर ‘मावशी’ म्हणत होती.

"मांडीची घ्या की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मांडीची कातडी जाड असते. गालात गोधडी कोंबल्यासारखं होईल. जीभ वळायची नाही, बोललेलं कुणाला कळायचं नाही."

"नाय कळलं तर नाय कळलं. हिला बरंच हाय."

ही म्हणजे सून आवडा. ती उशाशी संमतीचा कागद आणि शाईची डबी घेऊन उभी होती. "आत्याबाई, तुमचं बोलणं बंद पडल्यावर म्या भांडू कुणाशी? भिताडाशी?" असं म्हणता म्हणता तिनं कागद काखेत धरला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात डॉक्टरांपुढं धरला. "मॅडम, माझ्या हाताची घ्या. माझ्या हातावर काय बी नाय."

डॉक्टरांनी मान हलवली. "दुसऱ्याची कातडी टिकत नाही हो. अंग तिला परकी समजतं."

आवडाचा हात तसाच पुढं राहिला. या सुनेनं बावीस वर्षांत मागितल्याशिवाय पाण्याचा तांब्या दिला नाही, असं द्वारकाबाई अख्ख्या गल्लीला सांगत आल्या होत्या. त्यांनी तो हात पाहिला, मग मान फिरवली.

"बांगड्या खाली घे. पिचतील."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "मावशी, उद्याचा नंबर तुमचा आहे. अंगठा दिला नाहीत तर पडेगावची एक बाई थांबली आहे, तिला घ्यावं लागेल. पुढचा नंबर महिन्यानं. गाठ तेवढं थांबायची नाही. जबरदस्ती नाही माझी."

पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हायची थांबून इकडं ऐकत होती.

"कातडी काढल्यावर तुळस फेकून देता व्हय?"

"फेकायची कशाला? तुळशीसकट गालात शिवायची."

"कशी? तुळस आत दाबून का वर?"

"वर. जिभेच्या बाजूला. हातावर दिसते तशीच."

"थुकीनं धुऊन जाईल."

"एवढी वर्षं राखेनं भांडी घासून गेली नाही, ती थुंकीनं कशी जाईल?"

द्वारकाबाईंनी जीभ सावकाश गाठीपर्यंत नेली. गाल ठणकला. तशीच थोडा वेळ ठेवून त्यांनी जीभ परत आणली.

"म्हंजे तुळस तोंडात ऱ्हाणार."

"हो."

"मरंपर्यंत?"

"मेल्यावरही. तिला कोण काढतंय?"

द्वारकाबाई हसल्या. हसताना गाल दुखला म्हणून तळहातानं दाबून धरून हसल्या.

"ऐकलं का गं? तुझं एक काम हलकं झालं. मपला जीव जायच्या येळंला तोंडात घालायला तुळशीचं पान हुडकत पळू नको."

आवडाला हसू आलं नाही. तिनं शाईची डबी उघडली, पण झाकण हातातून निसटून खाटेखाली गेलं, आणि ते शोधायला ती गरजेपेक्षा जास्त वेळ खाली वाकून राहिली.

द्वारकाबाईंनी उजवा अंगठा शाईत बुडवून कागदावर नीट, जोर देऊन उठवला.

कागद घेऊन डॉक्टर दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्यांनी पदराखालचा डावा हात मागून घेतला, उजेडात धरला. चौकोनाची खालची रेघ वृंदावनाच्या मधोमध गेली होती. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसली आणि अर्धं बोट खाली नवी ओढली.